हजार वॉटच्या प्लेटा आणि तरीही उपाशी बॅटऱ्या: निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेचे प्रकरण

हे प्रकरण निफाड तालुक्यातील साडेचार एकरांच्या एका द्राक्षबागेचे आहे. बाग मालकांच्या घरापासून दीड किलोमीटर दूर आहे. विहिरीवरच्या पंपाला शेतीची वीज आहे, पण ती पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. बागेच्या टोकाला असलेली राखणदाराची शेड विजेच्या खांबापासून इतकी लांब आहे की तिथपर्यंत स्वतंत्र जोडणी नेण्याचा विचार कुटुंबाने खर्चाचा अंदाज आल्यावर सोडून दिला होता. उसाच्या आडोशाने या पट्ट्यात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे आणि माल तयार झाला की चोरीची भीतीही असते, त्यामुळे रात्रभर दिवे आणि चार कॅमेरे ही तिथली खरी गरज आहे. त्यासाठी कुटुंबाने ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमारास स्वतंत्र सौर संच बसवून घेतला. मी नाशिकमध्ये असे संच बसवण्याचे व दुरुस्तीचे काम करतो. मला बोलावले गेले ते दीड वर्षानंतर, एप्रिलच्या अखेरीस.

तोवर दोन बॅटऱ्यांच्या चार झाल्या होत्या, आणि कॅमेरे मात्र रोज पहाटे तीनच्या सुमारास बंद पडत होते. "भाऊ, प्लेटा हजार वॉटच्या आहेत, बॅटऱ्या दुप्पट केल्या, आता अजून काय वाढवायचं ते सांगा," असा मालकांचा पहिला प्रश्न होता. हा प्रश्न मला अनेक ठिकाणी ऐकायला मिळतो. त्यात काहीतरी वाढवायलाच हवे हे गृहीत धरलेले असते, आणि या प्रकरणात नेमके तेच चुकले होते.

संचाची मांडणी अशी होती. शेडच्या पत्र्यावर २५० वॉटच्या ४ प्लेटा, प्रत्येकीत ६० सेल, चारही समांतर जोडलेल्या. त्यांच्यापासून १८ मीटर लांबीची, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल खाली बॅटरीच्या खोलीत आलेली. तिथे ४० अँपिअरचा पीडब्ल्यूएम प्रकारचा चार्ज कंट्रोलर (प्लेटांकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे उपकरण), २४ व्होल्टची बॅटरी आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर. बॅटऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्ल प्रकारच्या. मूळच्या दोन एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडलेल्या आणि चौदा महिन्यांनी, डिसेंबरात, तशीच दुसरी जोडी त्यांना समांतर लावलेली. ज्यांनी संच बसवला त्यांचा हिशेब एका ओळीचा होता: हजार वॉट गुणिले पाच तास म्हणजे पाच हजार वॉट-अवर, आणि खर्च तर त्याच्या निम्म्यानेच आहे. कागदावर या हिशेबात काही खोट दिसत नाही.

बॅटरीला हात लावण्याआधी मी खर्च मोजला. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून ४० वॉट, आणि ते २४ तास चालू, म्हणजे ९६० वॉट-अवर. ९ वॉटचे ८ दिवे ११ तास, म्हणजे ७९२. राखणदाराच्या खोलीतला २८ वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ८ तास, म्हणजे २२४. फोन ४०. पाठीवरचे दोन बॅटरी पंप एक दिवसाआड चार्ज होतात, त्यांची रोजची सरासरी १८०. एकूण सुमारे २,२०० वॉट-अवर झाले. पण हे उपकरणांपर्यंत पोहोचलेल्या विजेचे माप आहे, आणि बॅटरीतून निघणारी वीज त्याहून बरीच जास्त असते. इन्व्हर्टरमधून जाताना सुमारे दहावा हिस्सा खर्च होतो, शिवाय इन्व्हर्टर स्वतः काहीही चालवत नसतानाही १५ वॉट खात होता, जे दिवसाला ३६० वॉट-अवर होतात. बॅटरीच्या बाजूने पाहिल्यास रोजचा खर्च २,८०० वॉट-अवरच्या घरात जात होता. म्हणजे हा संच ज्या सर्वांत मोठ्या उपकरणांचे पोट भरत होता त्यांपैकी एक उपकरण त्याचा स्वतःचा इन्व्हर्टर होता, आणि त्याची नोंद मूळ हिशेबात कुठेच नव्हती.

यानंतर दुपारी साडेबाराला, स्वच्छ उन्हात, क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा) लावून प्लेटांकडून येणारा प्रवाह पाहिला. तो १७ अँपिअर होता आणि बॅटरीचा दाब २६.४ व्होल्ट. गुणाकार केला तर साडेचारशे वॉटही भरत नाहीत. एप्रिलच्या भर दुपारी हजार वॉटच्या प्लेटांनी निम्म्याहून कमी वीज द्यावी, याचे कारण शोधणे हेच या प्रकरणाचे मर्म होते.

प्लेटेच्या मागच्या लेबलवर लिहिलेले २५० वॉट हे सेलचे तापमान २५ अंश आणि प्रखर ऊन या प्रमाणित परिस्थितीत मोजलेले असतात. त्याच लेबलवर कमाल शक्तीच्या वेळचा दाब ३०.२ व्होल्ट आणि प्रवाह ८.२८ अँपिअर दिलेला होता. पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा मुळात एक जलद उघडझाप करणारा स्विच आहे. तो दाबाचे रूपांतर करत नाही, प्लेटेला बॅटरीच्या दाबावर आणून उभे करतो. त्यामुळे बॅटरी जेवढा दाब मागेल तेवढा प्लेटेला स्वतःहून देता आला पाहिजे. २४ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी सुमारे २८.८ व्होल्ट लागतात. ३०.२ मधून २८.८ गेले तर थोडा उरतोच, असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण प्लेटा पत्र्यावर जवळजवळ चिकटवून बसवलेल्या होत्या आणि बाहेरचे तापमान ३९ अंश होते. मागच्या बाजूला तापमापक लावला तेव्हा प्लेट ७० अंशांच्या आसपास तापलेली आढळली. सिलिकॉन सेल तापला की त्याचा दाब उतरतो. या प्रकारच्या प्लेटांत कमाल शक्तीचा दाब दर अंशाला साधारण ०.४२ टक्के कमी होतो, म्हणजे २५ वरून ७० अंशांवर जाताना जवळजवळ १९ टक्के. ३०.२ व्होल्टचे उरतात साडेचोवीस. त्यातच केबलमध्ये १७ अँपिअरला पावणेदोन व्होल्टची घट होती आणि कंट्रोलरमध्ये आणखी थोडी. बॅटरी २६.४ व्होल्टवर असताना प्लेटेला आपल्या टोकाशी साडेअठ्ठावीस व्होल्ट धरावे लागत होते, आणि ते तिच्या कमाल शक्तीच्या बिंदूच्या चार व्होल्ट पलीकडे होते. त्या बिंदूच्या पलीकडे प्रवाह झपाट्याने कोसळतो. म्हणून बॅटरी जसजशी भरत जाई आणि तिचा दाब वाढे, तसतसा प्लेटांकडून येणारा प्रवाह आटत जाई. बॅटरी २७ व्होल्टच्या आसपास अडकून पडे आणि २८.८ चा टप्पा गाठण्याआधीच ऊन उतरे.

आपल्याकडे जिला चोवीस व्होल्टची प्लेट म्हणतात ती ७२ सेलची असते आणि बारा व्होल्टची ३६ सेलची. ही नावे याच गरजेतून आली आहेत: तापल्यावरही बॅटरी भरण्यापुरता दाब शिल्लक राहावा म्हणून. ६० सेलची प्लेट विजेच्या जाळ्याला जोडायच्या संचांसाठी बनली, तिथे बॅटरीचा प्रश्नच नसतो. तिच्यात कसलाही दोष नाही. फक्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरबरोबर ती १२ व्होल्टला फार जास्त पडते आणि २४ व्होल्टला, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात, कमी पडते. वॉट पाहून प्लेट घेणाऱ्याला हे कळण्याचा कोणताच मार्ग नसतो, आणि म्हणून ही चूक मालकांची आहे असे मी मानत नाही.

आणखी एक गोष्ट हात फिरवल्यावर कळली. प्लेटांवर निळसर पांढरा थर होता. शेड बागेच्या कडेलाच असल्याने ब्लोअरने मारलेल्या बोर्डो मिश्रणाचे तुषार वाऱ्याबरोबर पत्र्यावर येत होते. मोरचूद आणि चुना यांचा हा थर पावसाने सहज धुतला जात नाही. मऊ फडक्याने आणि भरपूर पाण्याने, ऊन उतरल्यावर, प्लेटा धुतल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी १९ अँपिअर मिळाले. शहरातल्या गच्चीवर धूळ असते, पण द्राक्षबागेत प्लेटांना फवारणीही सोसावी लागते, हे संच बसवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे.

आता बॅटऱ्यांकडे. शिसे-आम्ल बॅटरी रिकामी झाली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि भरताना ते परत विरघळते. ती रोज किंवा निदान तीनचार दिवसांतून एकदा पूर्ण भरली नाही, तर उरलेल्या सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होत जातात आणि मग ते विरघळत नाहीत. जास्त वापरल्याने बॅटरी खराब झाली असे लोक म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत ती अपुऱ्या भरण्याने गेलेली असते.

ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरल्यावर तिच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता; बॅटरी रिकामी होते तसे ते उतरते) २७ अंशांना साधारण १.२४० असते. संध्याकाळी, दिवसभराच्या भरण्यानंतर, हायड्रोमीटरने सगळे २४ कप्पे तपासले. नव्या जोडीत १.१७५ ते १.१९५ अशी नोंद मिळाली. जुन्या जोडीतील एका बॅटरीचे कप्पे १.१५० च्या आगेमागे होते, आणि दुसरीचे १.१३० च्या खाली, त्यांतले दोन तर १.१०० वर. एकाच जोडीतील दोन बॅटऱ्यांत एवढा फरक का, याचे उत्तर मागच्या बाजूला सापडले. राखणदाराने फोन चार्जर आणि एक छोटा बल्ब चालवण्यासाठी त्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढलेली होती. त्याचा हेतू साधा होता, इन्व्हर्टर बंद पडल्यावर निदान फोन चालावा. पण एकसर जोडणीत दोन्ही बॅटऱ्या सारख्याच भरल्या जातात, आणि एक जर जास्त रिकामी होत असेल तर ती कायम मागेच राहते. रोजचे चारपाच अँपिअर-अवर वर्षभर एकीतूनच गेले होते.

डिसेंबरात लावलेल्या नव्या जोडीविषयी मालकांचा अनुभव असा होता की तिने दोनअडीच महिने उत्तम काम केले, म्हणून ती दर्जेदार असावी, आणि मग मार्चपासून "तिलाही जुन्यांची लागण झाली". त्यात थोडे तथ्य आहे, कारण मेलेल्या जोडीला नवी जोडी समांतर लावली की नवी सतत जुनीला पाजत राहते. परंतु मुख्य कारण ऋतूचे आहे. निफाडचा पारा हिवाळ्यात पहाटे कधी कधी पाच अंशांखाली जातो आणि दुपारीही हवा गार असते. त्या दिवसांत प्लेटा पन्नास अंशांच्या वर क्वचितच गेल्या असतील, त्यांचा दाब २७ व्होल्टच्या आसपास टिकला असेल आणि बॅटऱ्या बऱ्यापैकी भरल्या असतील. सुधारणा थंडीने केली आणि श्रेय नव्या बॅटऱ्यांना मिळाले. मार्चमध्ये ऊन वाढले, म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे वीज वाढायला हवी होती, तेव्हाच संच पुन्हा बसला.

शिवाय बॅटऱ्या दुप्पट केल्याने साठवणीची जागा वाढली, पण भरणा तेवढाच राहिला. ट्युब्युलर बॅटरीला तिच्या क्षमतेच्या सुमारे दहा टक्के प्रवाहाने भरणे चांगले मानतात आणि पाच टक्क्यांच्या खाली गेल्यास ती नीट ढवळली जात नाही, जड आम्ल तळाशी बसते. येथे ३०० अँपिअर-अवरच्या साठ्याला १७ अँपिअर येत होते आणि त्यातले तीनसव्वातीन दिवसाच्या खर्चातच जात होते. उरलेले जेमतेम साडेचार टक्के. टाकी मोठी केली आणि नळाची धार तीच ठेवली, तर टाकी कधी भरणार? माझ्या मते ज्या दिवशी दुसरी जोडी लावली, त्या दिवशी पहिल्या जोडीच्या मरणाचे कारण शोधण्याची शेवटची संधी हुकली.

दुरुस्तीची सुरुवात मी खर्चापासून केली, आणि यावर मालकांशी थोडा वाद झाला, कारण त्यांना कोणतेही उपकरण कमी करायचे नव्हते. कमी काही केलेही नाही. कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर ही सगळी मुळात १२ व्होल्टवर चालणारी उपकरणे. इन्व्हर्टर बॅटरीची वीज २३० व्होल्टवर नेत होता आणि प्रत्येकाचा अडॅप्टर ती पुन्हा १२ वर आणत होता. त्याऐवजी २४ चे १२ करणारा २० अँपिअरचा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या एकत्रित टोकांवर बसवला आणि ही उपकरणे, पंखा, फोन व नवे १२ व्होल्टचे दिवे त्यावर घेतले. राखणदाराचीही सोय झाली आणि एका बॅटरीवरची वायर निघाली. आठपैकी तीन दिवे रात्रभर चालू राहतात, बाकीचे पाच हालचाल झाली की लागतात. बिबट्याच्या दृष्टीने अचानक लागणारा दिवा जास्त उपयोगी, असे राखणदाराचे मत पडले. इन्व्हर्टर आता फक्त दुपारी तीन तास, पंपांच्या चार्जिंगपुरता सुरू होतो. एवढ्याने रोजचा खर्च २,८०० वरून सुमारे १,९५० वॉट-अवरवर आला.

पुढचा हिशेब सर्वांत वाईट महिन्यावर करायचा असतो. नाशिक परिसरात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला पाच तासांहून अधिक प्रखर उन्हाइतकी ऊर्जा मिळते आणि एप्रिल-मे मध्ये ती सहाच्याही वर जाते, पण जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास उतरते. त्र्यंबक-इगतपुरीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस फार जास्त असल्याने तिथे याहूनही कमी धरावे लागेल. निफाड पर्जन्यछायेच्या बाजूला आहे हे इथले भाग्य. मी साडेतीन तास धरले. उष्णता, धूळ, वायर, कंट्रोलर आणि बॅटरी यांतील सगळे तोटे मिळून प्लेटेवर लिहिलेल्या शक्तीपैकी ६५ टक्के हाती येतात असे धरले. १,९५० ला साडेतीनने आणि ०.६५ ने भागले की ८५७ वॉट येतात. म्हणजे आहेत त्या हजार वॉटच्या प्लेटा पावसाळ्यालाही पुरतात. जुन्या २,८०० च्या खर्चाला १,२३० वॉट लागले असते, आणि मग कितीही चांगला कंट्रोलर बसवला तरी जुलैमध्ये तूट आलीच असती.

कंट्रोलर मात्र बदलणे भाग होते. एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर प्लेटांना त्यांच्या कमाल शक्तीच्या दाबावर चालू देतो आणि तो दाब उतरवून बॅटरीला लागणाऱ्या दाबाला जास्तीचा प्रवाह देतो. त्यासाठी प्लेटांचा दाब बॅटरीपेक्षा बराच वर असावा लागतो, म्हणून दोन-दोन प्लेटा एकसर जोडून अशा दोन माळा समांतर केल्या. आता तापलेल्या प्लेटांचाही दाब ५० व्होल्टच्या जवळ राहतो. दुकानदाराने तीन प्लेटांची एक माळ आणि एक प्लेट राखीव असे सुचवले होते. ते धोक्याचे ठरले असते. निवडलेला कंट्रोलर १०० व्होल्टपर्यंतचा आहे. लेबलवरचा खुला दाब (प्लेटेतून प्रवाह वाहत नसतानाचा) ३७.५ व्होल्ट, तीन प्लेटांचे ११२.५ झाले असते आणि कंट्रोलर पहिल्याच सकाळी जळाला असता. दोन प्लेटांचे ७५ होतात. पाच अंशांच्या पहाटे, सेल गार असताना सूर्याचा पहिला किरण पडतो तेव्हा हा दाब आणखी सहा टक्क्यांनी वाढून ८० पर्यंत जातो, तरीही अंतर शिल्लक राहते. उन्हाळ्यात कमी दाबाने आणि हिवाळ्यात जास्त दाबाने, अशा दोन्ही टोकांनी प्लेटा तपासाव्या लागतात.

केबल तीच ठेवली. तिच्यातून आताही सोळाच्या आसपास अँपिअर जातात आणि घट तेवढीच, पावणेदोन व्होल्टच्या जवळ आहे. पण आता ती ५० व्होल्टमधून जाते, त्याच केबलमधून जवळजवळ दुप्पट वीज येते, आणि बॅटरीला लागणाऱ्या दाबाला तिचा चिमटा बसत नाही. प्लेटा पत्र्यावरून उचलून लोखंडी स्टँडवर, दक्षिणेकडे तोंड करून, नाशिकच्या अक्षांशाजवळच्या २० अंशांच्या उतारावर आणि खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर घेतल्या. प्रत्येक माळेला आणि बॅटरीच्या धन टोकाला फ्यूज, तसेच डीसीसाठीच बनवलेला ब्रेकर बसवला. घरगुती एसी ब्रेकर डीसीची ठिणगी तोडू शकेलच असे नाही, आणि जुन्या संचात तोच होता.

बॅटरी किती घ्यायची हे सर्वांत शेवटी ठरवले. रात्रीचा खर्च आता सुमारे १,२०० वॉट-अवर, म्हणजे ५० अँपिअर-अवर आहे. दाट ढगांचा एक दिवस मध्ये धरला तर एक रात्र, त्यानंतरचा दिवस आणि पुन्हा एक रात्र मिळून १३१ अँपिअर-अवर लागतात; अशा दिवशीही प्लेटा ४० च्या आसपास देतातच, तेव्हा बॅटरीतून ९१ जावे लागतील. बॅटरी निम्म्याखाली जाऊ नये असे धरले तर २०० अँपिअर-अवर पुरतात, मात्र हे २०० दहा तासांच्या दराने, म्हणजे दहा तासांत रिकामी करून, मोजलेले हवेत. जुन्या बॅटऱ्यांवरचे १५० वीस तासांच्या दराचे होते. तीच बॅटरी जलद रिकामी केली की कमी देते, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना हा दर पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. दोनच बॅटऱ्या, एकच माळ, समांतर काहीही नाही. नव्या कंट्रोलरकडून दुपारी २९ अँपिअर येतात, दिवसाचा खर्च वजा जाता २६ उरतात, म्हणजे २०० च्या १३ टक्के.

लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीचा विचार झाला होता. ती अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण अशा संचात फार मोलाचा आहे, आणि १०० अँपिअर-अवरमध्येच येथील काम झाले असते. परंतु उन्हाळ्यात शेडच्या आत चाळीस अंशांच्या वर जाणारी उष्णता, एकरकमी खर्च, आणि बिघाड झाल्यास निफाड-पिंपळगावात दुरुस्त करणारा हाताशी नसणे, यामुळे कुटुंबाने ट्युब्युलरच पसंत केली. खोली वीटकामाची व गार असती तर मी लिथियमचा आग्रह धरला असता.

काढलेल्या चार बॅटऱ्या अंबडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आणल्या. डिसेंबरची जोडी ३१ व्होल्टवर, सात अँपिअरच्या मर्यादेत, हवेशीर जागी आणि आम्लाच्या तापमानावर लक्ष ठेवून तीन वेळा समतोल चार्ज (मुद्दाम जास्त दाबाने भरून सगळे कप्पे एका पातळीवर आणणे) केली. तिचे गुरुत्व १.२३० च्या वर आले आणि साडेसात अँपिअरच्या चाचणीत ती १७ तास टिकली. वीस टिकायला हवी होती. ती आता मालकांच्या घरच्या इन्व्हर्टरवर आहे. मूळची जोडी १.१९० च्या वर गेलीच नाही आणि सात तासांत बसली, ती नव्या खरेदीत बदल्यात दिली.

नव्या संचात एक चूक माझ्याकडून राहिली होती. बॅटरी गार असताना तिला जास्त दाब लागतो आणि तापलेली असताना कमी; दर अंशाला दर कप्प्यामागे साधारण ४ मिलिव्होल्ट, म्हणजे १२ कप्प्यांच्या बॅटरीला ४८. थंडीत १२ अंशांवरच्या बॅटरीला २८.८ ऐवजी २९.४ व्होल्ट हवेत, आणि एप्रिलमध्ये ३८ अंशांवर २८.२. यासाठी कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असतो, तो मी घाईत भिंतीला चिकटवला होता. भिंत पश्चिमेची होती आणि बॅटरीपेक्षा सात-आठ अंश गरम राहत होती, त्यामुळे कंट्रोलर बॅटरीला गरजेपेक्षा कमी दाब देत होता. जूनमधल्या गुरुत्वाच्या नोंदी १.२२५ वर अडकल्या तेव्हा हे ध्यानात आले. सेन्सर बॅटरीच्या अंगाला, मध्यावर लावल्यावर दहा दिवसांत १.२४० मिळाले.

जुलैमध्ये सलग पाच दिवस ढग राहिले. त्यांतल्या सर्वांत वाईट दिवशी फक्त ३१ अँपिअर-अवर आत आले, तर खर्च ७८ च्या आसपास होता. चौथ्या पहाटे गुरुत्व १.१५५ पर्यंत उतरले, म्हणजे बॅटरी निम्म्याच्याही किंचित खाली गेली. खोलीत लावलेल्या कागदावर सूचना होती की पहाटे मीटर २४ व्होल्टच्या खाली दिसला तर त्या दिवशी पंपांचे चार्जिंग आणि पंखा बंद ठेवावा. राखणदाराने ती पाळली आणि कॅमेरे एकदाही बंद पडले नाहीत. ऊन निघाल्यावर तिसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा पूर्ण भरली. नोंदवही तोच लिहितो, दर रविवारी संध्याकाळी, बाराही कप्प्यांची.

वर्ष उलटून दुसरा एप्रिल आला तेव्हा दुपारी साडेबाराला २९ अँपिअर आणि ६ नंबरच्या कप्प्यात इतरांपेक्षा ०.०१५ कमी गुरुत्व, अशी नोंद होती. समतोल चार्जनंतर तोही जुळला. फवारणीचा थर अजून पूर्ण सुटलेला प्रश्न नाही. छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला प्लेटा धुवाव्या लागतात, आणि तेवढ्या काळापुरते आवरण घालणे व्यवहार्य नाही.

मालकांनी त्याच भेटीत फ्रिजबद्दल विचारले. लहान फ्रिज दिवसाला ७०० वॉट-अवर घेतो असे धरले तरी त्याच्यासाठी इन्व्हर्टर पुन्हा चोवीस तास चालू ठेवावा लागेल, आणि बॅटरीच्या बाजूने खर्च अकराशेने वाढून तीन हजारांच्या वर जाईल. जुलैच्या उन्हात त्याला १,३४० च्या आसपास वॉट लागतात, म्हणजे आणखी दोन प्लेटा, तिसरी माळ, मोठा कंट्रोलर, आणि ढगाळ दिवसासाठी जवळजवळ पाऊणपट जास्त बॅटरी. हा हिशेब त्यांच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर मांडून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फ्रिजचा विचार पुढच्या हंगामावर ठेवला. शेडमध्ये तूर्त माठ आहे.